ओटीचे तांदूळ

आमच्या वाडीत ‘जेवलीस का’ असं विचारतात तेव्हा त्यांना भात खाल्लास का, एवढंच विचारायचं असतं. तीन अंडी, मासळीचं कालवण, वाडगाभर भाजी आणि वर दोन केळी खाऊन मी पडवीत येऊन बसले आणि भात नाही खाल्ला म्हटलं, की शेजारीण चुकचुकते, “म्हंजे उपाशीच गो तू.” भात सोडावा लागला तेव्हा सुरुवातीला मी सगळ्यांना समजावत बसायचे. शिक्षिका आहे, समजावायची खोड आहे. नंतर नाद सोडला आणि ‘हो, जेवले’ म्हणायला लागले.

वाडी उमरठच्या पुढे, डोंगराच्या अंगावर. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरी. घरात मी आणि सासूबाई. नवरा मुंबईला एका कंपनीत, पंधरा दिवसांनी शनिवारी येतो, रविवारी जातो. माझी शाळा खालच्या गावात, उतरताना अर्धा तास, चढताना पाऊण. माझी आई मी डी.एड. करत असतानाच गेली. महाडला भाऊ आहे, पण त्याचं घर दोन खोल्यांचं आणि त्यात माणसं पाच. त्यामुळे पोटात पोर आलं तेव्हा मी कुठे राहायचं हा प्रश्नच कोणी काढला नाही.

मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. आतून जखमा होतात, रक्त पडतं, जोर असला की दिवसाला दहा-दहा वेळा जावं लागतं. हे इथे सरळ लिहितेय, कारण बोलताना कधी सरळ बोलता आलं नाही. घरात त्याला ‘तुझं ते’ म्हणतात. नवराही फोनवर ‘तुझं ते कसं आहे’ असंच विचारतो. सासूबाई तर विचारतच नसत. त्यांच्या मते ज्याचं नाव काढलं ते वाढतं.

मुंबईच्या पोटाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी आजार कमी झाला, थांबला नाही. मग त्यांच्याच दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी मला एक कागद दिला. धान्य बंद, म्हणजे भात, भाकरी, चपाती सगळंच. साखर, गूळ, बटाटा, साबुदाणा, दूध बंद. चालतील ती अंडी, मासे, कोंबडी, शिजवलेल्या भाज्या, पिकलेली केळी, मध, बदाम, भिजवून शिजवलेली मसूर आणि पूर्ण चोवीस तास विरजलेलं दही. जे पिष्ट वर नीट पचत नाही ते खाली जाऊन आंबतं आणि जखमांना डिवचतं, असं त्यांचं म्हणणं. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत, करून बघा, असंही त्या म्हणाल्या होत्या. मी करून बघितलं आणि तीन महिन्यांत रक्त थांबलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, मला तर कागदाचा मिळाला होता. त्या बाईंच्या ‘लागू पडेलच असं नाही’कडे मी सोयीस्करपणे दुर्लक्ष केलं.

घरात भाताची कणगी छताला टेकलेली आणि सून म्हणते भात चालत नाही. सासूबाईंना तो स्वतःच्या खाचराचा अपमान वाटला असेल तर मला नवल नाही. पण त्यांनी आदळआपट केली नाही. माझं दह्याचं भांडं चोवीस तास उबेत राहावं म्हणून त्यांनीच मला भाताच्या तुसाची पाटी दिली. त्या तुसात भांडं पुरून ठेवलं की दही घट्ट लागायचं. “तूस चालतंय, तांदूळ नाय चालत,” त्या म्हणायच्या आणि हसायच्या. तोवर आम्ही दोघी हसू शकत होतो.

पहिल्या वेळी दिवस राहिले तेव्हा मी एक चूक केली. गोळ्या पोराला बाधतील या भीतीने त्या आपल्या मनाने बंद केल्या. कोणाला विचारलं नाही. आहार तर पाळतेच आहे, मग गोळ्या कशाला, असं वाटलं. तिसऱ्या महिन्यात सासूबाईंनी चोरओटी भरली. बाहेर बोभाटा न करता घरातल्या घरात भरतात ती. इकडची रीत अशी की ओटीचे तांदूळ जिच्या पदरात पडतात तिनेच शिजवून खायचे, दुसऱ्याला द्यायचे नाहीत. मी खाणार नव्हतेच. दोन दिवस ते तसेच राहिले, तिसऱ्या दिवशी मी अंगणात कोंबड्यांना टाकले. सासूबाई बघत होत्या. “कोंबड्या तांदूळ खातील, अंडी मी खाईन, म्हणजे फिरून माझ्याच पोटात,” असं मी म्हटलं. मला तेव्हा तो विनोद वाटला होता.

त्याच आठवड्यात आजार उसळला आणि पाचव्या दिवशी पोर गेलं. महाडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतक्या लवकर जातं तेव्हा कारण नेमकं सांगता येत नाही, पण गोळ्या सोडायला नको होत्या. मी ‘पण’च्या पुढचंच ऐकलं. माझ्यापुरतं कारण ठरलं, गोळ्या. सासूबाईंचंही कारण ठरलं होतं. त्या ते बोलल्या नाहीत. फक्त त्या दिवसापासून कोंबड्यांना दाणे टाकायचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं.

दीड वर्षाने पुन्हा दिवस राहिले. या वेळी मी सगळं विचारून केलं. मुंबईच्या डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवल्या. महाडच्या डॉक्टरीणबाईंनी दोन अटी घातल्या. रक्त दिसलं की त्याच दिवशी यायचं, ही पहिली. दुसरी, दर महिन्याला वजन वाढलंच पाहिजे, लागोपाठ दोनदा वाढलं नाही तर कागद बाजूला ठेवून धान्य सुरू करायचं. “तुम्हाला हवं म्हणून पोराला उपाशी ठेवता येणार नाही,” असं त्या स्वच्छ म्हणाल्या. मला मान्य होतं. वजन वाढवायला खायला हवं आणि खायला जे होतं ते मोजकंच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

लोकांना वाटायचं मला भात आवडत नाही. मी या मातीतली मुलगी आहे, भातावरच वाढले. चौथ्या महिन्यात मला डोहाळे लागले ते भाताचे. चिंच नको, आंबा नको, साधा मऊ भात, वर मीठ आणि तुपाची धार. सासूबाईंच्या चुलीवर भाताला आधण आलं की मी मागच्या दारी जाऊन उभी राहायचे, नाहीतर हात गेला असता. उलट्यांनी अंड्याचा वास सोसवत नव्हता, माशाचं तर नावही नको. एकदा मी दह्याच्या भांड्याभोवतीचं तूस मुठीत धरून हुंगलं. आपल्याच घरात चोर असल्यासारखं वाटायचं. कधी भात तोंडात टाकीन याचा भरवसा नव्हता, म्हणून स्वयंपाकघरात एकटी थांबत नसे.

पाचव्या महिन्यापर्यंत आम्ही कोणाला काही सांगितलं नाही. मग सासूबाईंनी वाडीतल्या पाच सवाष्णी बोलावून ओटी भरली. पदर जड झाला. बायका गेल्यावर मी त्या तांदळांकडे बघत बसले होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “दे इकडं. मी ठेवते.” मी सुटकेचा श्वास सोडला आणि पदर त्यांच्यापुढे मोकळा केला. त्या एक शब्द जास्त बोलल्या नाहीत, यासाठी मी त्यांची आभारीसुद्धा होते.

आणि मग त्या बदलल्या. माझ्या जेवणाला नाक मुरडणाऱ्या बाई रोज सकाळी माझ्यासाठी रस्सा करू लागल्या. कधी कोंबडीचा, कधी मसुरीचं कढण. दाट, गुळगुळीत, घशाखाली अलगद उतरणारा. उलट्यांच्या दिवसांत तेवढंच पोटात टिकायचं. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, तुझ्या आईने अखेर माझं ऐकलं. फोनला नीट रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी यायची, तिथे उभी राहून मी हे आनंदाने मोठ्याने सांगितलं.

साधारण दहा दिवसांनी रक्त दिसलं.

त्याच दिवशी महाड गाठलं. डॉक्टरीणबाईंनी मुंबईच्या डॉक्टरांशी बोलून जोराचं औषध सुरू केलं, पोराला चालेल असं. “खाण्यात काही बदल झाला का?” त्यांनी विचारलं. मी आठवून आठवून सांगितलं. केळी थोडी कच्ची असतील. मध बाजारचा आहे, त्यात साखर असेल. घरी येऊन केळी बंद केली, मध बंद केला, आठवड्याने बदाम. रश्श्यावर संशय घ्यायचं मनातही आलं नाही, उलट तो दोन वाट्या प्यायला लागले. कागद आधीच आखूड होता, आता तर त्याच्यावर पाच-सहा ओळी उरल्या. पुढच्या वेळी काट्यावर उभी राहिले तेव्हा वजन होतं तेवढंच होतं. डॉक्टरीणबाईंनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, “एकदा झालं.”

इकडे आड, तिकडे विहीर असं आपण सहज म्हणून जातो. मी रोज दोन्हीत वाकून बघत होते. खावं तर रक्त, न खावं तर वजन. पोटात पोरगी हलायला लागली होती. ती हलली की पहिल्यांदा आनंद व्हायचा आणि लगेच वाटायचं, ही भुकेने तर हलत नसेल. हे मी कोणाजवळ बोलणार होते? सासूबाईंना सांगावं तर त्या म्हणणार, भात खा. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, आई काय म्हणते ते बघ. तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता तो. माझी आई असती तर मी नुसती तिच्यापुढे रडले असते. तिच्या जाण्याचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता.

त्यातच आम्हाला शाळेत हलवलं. तळीयेला डोंगर खाली आला तेव्हापासून पाऊस दोन-तीन दिवस धरून राहिला की आमच्यासारख्या वाड्यांना खाली उतरवतात. खाली म्हणजे माझ्याच शाळेत आणि मला जागा मिळाली माझ्याच वर्गात. भिंतीवर मीच रंगवलेला ‘समतोल आहार’ होता, त्याच्या मधोमध भाताचा भला मोठा पांढरा डोंगर. त्याच्याखाली सतरंजीवर मी पोट सांभाळून पाच दिवस बसले. दोन्ही वेळा खिचडी यायची. माझ्याकडे डब्यात उकडलेली अंडी होती, ती दुसऱ्या दिवशी संपली. मग आमचे मुख्याध्यापक गावातून अंडी आणि लाल भोपळा आणून द्यायचे आणि तो भोपळा मी पोषण आहाराच्या चुलीवर मीठ घालून शिजवायचे. शौचालय एक, माणसं साठ. मी दर वेळी छत्री उघडून निघाले की ओळीने बसलेल्या सगळ्या वाडीची मान वळायची. ज्या मुलांना मी हात वर करून परवानगी मागायला शिकवलं, ती मुलं माझ्या फेऱ्या मोजत होती. लाजेची सुद्धा सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

तरी एक गोष्ट झाली. त्या पाच दिवसांत रक्त कमी झालं आणि घरी परतल्यावर आठवड्याभरात थांबलं. औषध लागू पडलं, असं मी म्हटलं. घराचं एक कौल सरकून स्वयंपाकघरात पाणी शिरलं होतं, बरंच काही भिजून कुजलं होतं, सासूबाई दोन दिवस भांडीकुंडी बाहेर काढून वाळवत होत्या आणि काय कारण कोण जाणे, डोळे पुसत होत्या. रस्सा पुन्हा पातळ झाला. माझ्या लक्षात आलं नाही. मी केळी परत सुरू केली, बदाम सुरू केले आणि पुढच्या महिन्यात वजन दीड किलोने वाढलं.

दिवाळीच्या आधी महाडला मुलगी झाली. अडीच किलोला थोडी कमी. नर्सने तिला माझ्या छातीशी दिली, तिने दूध ओढलं आणि मला वाटलं, संपलं, सुटले. कसली सुटले. आगीतून फुफाट्यात.

बाळंतिणीला काय काय खाऊ घालतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गुळातला शिरा, तुपातली पेज. त्यातलं एकही कागदावर नाही. बायका डबे घेऊन यायच्या आणि माझ्या अंगावरून नजर पोरीच्या अंगावर न्यायच्या. “दूध येतंय का पुरतं?” एकच प्रश्न, बारा तोंडांनी. बारशाला पुन्हा ओटी भरली, पुन्हा ते तांदूळ मी सासूबाईंच्या स्वाधीन केले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दूध पेजेने येत नाही, पोर ओढतं म्हणून येतं, तुम्ही फक्त पोटभर खा आणि पाणी प्या. हे मी बायकांना सांगितलं तेव्हा एक म्हातारी म्हणाली, “डागदरीनला पोरा किती?” डॉक्टरीणबाईंना मूल नव्हतं, त्यामुळे वादच मिटला.

पोरगी वाढत होती, पण हळू. दूध पाजताना मला ती माझ्यातून काहीतरी काढून नेते आहे असं वाटायचं आणि असं वाटतं म्हणून स्वतःची चीड यायची. भूक इतकी लागायची की जेवून उठतानाच पुढच्या जेवणाची चिंता. सासूबाई पुन्हा रस्सा करू लागल्या होत्या, पहिल्यासारखा दाट. मी आधाशासारखी प्यायचे. पोरगी दोन महिन्यांची झाली आणि पुन्हा रक्त लागलं.

त्या दिवशी मी तिला अंगणवाडीत वजनाला नेलं होतं. ताईंनी तिला झोळीच्या काट्याला टांगलं आणि म्हणाल्या, तीनशे ग्रॅम वाढली, बरं आहे. मी लवकर परतले. सांगायची घाई होती. स्वयंपाकघराच्या दारात पोचले तर सासूबाई पातेल्यावर फडकं धरून वरून काहीतरी ओतत होत्या. पांढरं, दाट. फडक्यात शितं राहत होती, पाणी रश्श्यात पडत होतं.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“काय नाय. रस्सा दाट करतेय.”

“आई, ही पेज आहे.”

“पेजंचं पानी हाय,” त्या म्हणाल्या आणि फडकं माझ्यापुढे धरलं. “शीत नाय टाकला त्यात. बग. एक शीत नाय. गाळून घेतेय मी.”

त्यांना मनापासून वाटत होतं की शीत गाळलं म्हणजे भात गाळला. इकडे पेजेला कोणी जेवण समजत नाही. आजाऱ्याला पेज देतात, उपाशी माणसाला पेज देतात, वासरालाही पेज देतात. पेज म्हणजे भात, हे या डोंगरातल्या कुठल्याच बाईला पटलं नसतं. पण मी त्या वेळी एवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. कधीपासून, असं विचारलं.

“ओटी भरली तवापासनं. ओटीचेच तांदूळ हाईत ते. घरातला दाना नाय घातला तुला. ते पावसात भिजले, कुजले, तवा मग बंद. आता बारशाचे.” मग त्या खाली बसल्या. “पयल्या टायमाला तू कोंबड्यांना टाकलेस. आठ दिसात पोर गेला. मी तुला बोलली काय? एक शब्द बोलली? ह्या टायमाला पोराच्या पोटात जायला पायजे होते ते. तुला नको तर नको गो, पोराला तरी नको काय?”

पोरगी माझ्या खांद्यावर झोपली होती, म्हणून मी ओरडले नाही. हळू आवाजात बोलले आणि त्यामुळे ते जास्तच लागलं असणार. मी म्हटलं, “मी केळी बंद केली, बदाम बंद केले, उपाशी राहिले आणि तुम्ही रोज मला हे पाजत होतात. हिला काही झालं असतं तर ते तुमच्या हातून झालं असतं.”

त्यांनी पातेलं उचललं, मागच्या दारी गेल्या आणि सगळा रस्सा मातीत ओतला.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या भांड्यांना हात लावला नाही. लावायचा झाला तर आधी विचारायच्या. हळद चालते काय, हा कोथिंबीर चालतो काय, हात धुतले तरी चालतील काय. घरात एक म्हातारी बाई स्वतःच्याच चुलीपुढे परक्यासारखी उभी राहू लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. इतके महिने मी त्या घरात अडकले होते, आता त्यांनी थोडं अडकावं. महाडला जाऊन औषधाचा डोस वाढवून आणला आणि महिन्याभरात रक्त थांबलं. मी टाकीपाशी न जाता, मुद्दाम पडवीच्या कोपऱ्यात जिथे तुटक रेंज येते तिथे उभी राहून, सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला सांगितलं, “पेज थांबली, रक्त थांबलं.” डोस वाढवल्याचं बोलले नाही.

सातव्या महिन्यात पोरीचं उष्टावण ठरलं. भाऊ महाडहून येणार होता, मामाच्या मांडीवर बसवून पहिला घास द्यायची पद्धत. घास अर्थातच भाताचा. त्याच्या आठ दिवस आधी, एका सकाळी, मला पुन्हा रक्त दिसलं.

मी मागच्या न्हाणीच्या पायरीवर बसून सगळं आठवलं. पाच महिने माझं मीच रांधत होते. पेज नव्हती. कच्चं केळं नव्हतं. मध तर नवऱ्याने कुडपणच्या एका ओळखीच्या माणसाकडून आणलेला, पोळ्यातून समोर पिळलेला. गोळी एकही चुकली नव्हती. कागदाबाहेर काही नव्हतं आणि तरी रक्त होतं. हा आजार आपल्या मर्जीने येतो आणि जातो, असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. म्हणजे पेजेने झालं असेलही, नसेलही. शाळेतल्या त्या पाच दिवसांत थांबलं ते पेज नव्हती म्हणून की औषध चालू होतं म्हणून, हे कोणीच सांगू शकणार नव्हतं. आणि मी त्या बाईला काय बोलून बसले होते.

त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं होतं. गेले नाही. गेले असते तर घरात कळलं असतं आणि कळलं असतं की पेज नसतानाही लागतं. पहिल्या वेळी भीतीने गोळ्या सोडल्याचं लपवलं होतं, या वेळी तोऱ्यापायी रक्त लपवलं. आठ दिवस मी अंगात कणकण घेऊन पोरीला पाजत राहिले, चक्कर आली की भिंत धरत राहिले.

उष्टावणाच्या दिवशी सासूबाई चुलीपासून लांब बसल्या. “तूच शिजव,” म्हणाल्या. तीन वर्षांनी मी भात शिजवला. मऊ, पातळ, तुपाचा थेंब घालून. भावाने सोन्याची अंगठी बुडवून तिच्या ओठाला लावली, मग मी बोटाने घास दिला. तिने तोंड वाकडं केलं, मग गिळला आणि लगेच दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. सगळे हसले. माझ्या मनात मात्र आलं, माझं रक्त हिच्यात आहे, माझं आतडंही असेल तर? तिला अजून हवं होतं, ती माझं बोट सोडत नव्हती आणि मला तिच्या तोंडून तो घास काढून घ्यावासा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा लंगोट घेऊन मी मागच्या दारी उजेडात गेले. उलगडून नीट बघितला, पुन्हा बघितला. मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या.

“काय हाय?”

“काही नाही. पिवळं आहे.”

त्यांना लांबचं बरं दिसतं, जवळचं दिसत नाही. त्या वाकल्या, लंगोट हातात घेऊन सूर्याकडे धरला आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या. त्यासुद्धा रात्रभर तेच घेऊन बसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

“बेस हाय,” त्या म्हणाल्या. लंगोट बादलीत टाकला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “नि तुझं?”

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दूध विचारलं होतं, वजन विचारलं होतं, पोरीचं सगळं विचारलं होतं. हे आजवर त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

“आठ दिवस झाले, आई,” मी म्हटलं. “पुन्हा लागलंय. पेज नाही, काही नाही, तरी लागलंय.” पुढचं बोलायला जड गेलं, पण बोलले. “तेव्हाचंही कदाचित पेजेने नसेल.”

त्यांना बोलायला खूप काही होतं. मी मान खाली घालून वाट बघत उभी राहिले. त्यांनी हात पदराला पुसले, आत जाऊन पोरीला उचललं आणि कडेवर घेऊन दारात आल्या.

“आठ दीस गप राहिलीस,” त्या म्हणाल्या. “साडी बदल. महाडची धाची यष्टी गावंल.”